जांभळा येईपर्यंत

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कोणी नव्यानं सांगायला नको. घरी अम्मा सांगायची, शाळेत बाई सांगायच्या, पुढं सासरी तर पाळीपाळीनं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण कागदावर लिहून ते पहिल्यांदा मिळालं इंग्रजीत. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. चामराजपेटेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर इंग्रजीच्या बाईंनी शेरा मारला होता: भाषेत हुशार, पण 'हॅज अ टेंपर'.

दुसऱ्या एखाद्या मुलीला रडू आलं असतं. मला नवल वाटलं. कारण टेंपर हा शब्द मी ए-बी-सी-डी गिरवायच्या आधीपासून आमच्या घरात राहत होता, आणि तो चांगला शब्द होता. तो माझ्या वडिलांचा शब्द होता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर बेंगळुरात आलं आणि परत जायचं विसरलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधे आम्ही. पुण्याची एक चुलत मावशी यायची, ती आमचं 'जरा थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' आणि 'बरं बरं'ऐवजी 'सरी सरी' ऐकून पदर तोंडाला लावायची. तिला हसू आलं की मला राग यायचा. तर अशा घरात 'टेंपर' हाही एक घरचाच शब्द होता. अण्णा गावाबाहेरच्या एका मशीनच्या कारखान्यात पोलादाला पाणी द्यायचं काम करत. ते घरी आले की अम्मा विचारायची, "आज कसं गेलं?" आणि ते म्हणायचे, "टेंपर बरा बसला," नाहीतर, "टेंपर गेला." अम्माला त्यातलं काही कळत नसे. पहिल्या उत्तराला ती कॉफी द्यायची, दुसऱ्या उत्तराला कॉफी देऊन गप्प बसायची.

शेरा मिळाल्यावर मी शाळेच्या लायब्ररीत जाऊन जाड इंग्रजी कोश काढला. मला वाटलं होतं, राग सगळ्यात वर असेल. तो पार खाली होता. वर होतं मिसळणं. मूळचा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं: द्राक्षाच्या दारूत पाणी, चुन्यात वाळू. मग त्यातून आलं आवरणं, मऊ करणं, बेताचं करणं. माणसाच्या अंगातले सगळे रस बेताचे मिसळलेले असले तर त्याचा टेंपर चांगला, म्हणजे तो शांत. कितीतरी वर्षं टेंपर म्हणजे शांतपणाच. मग लोक तो हरवायला लागले, हरवला की ओरडायला लागले, आणि होता होता त्या ओरडण्यालाच टेंपर म्हणू लागले. आता गंमत अशी, की ज्याला टेंपर आहे तो रागीट आणि ज्याचा टेंपर हरवला तोही रागीट. इंग्रजांनी कुणालाच सोडलेलं नाही.

त्या दिवसापासून मला त्या शब्दाचे नातेवाईक शोधायचा नाद लागला. भूगोलाच्या पुस्तकात आमच्या गावची हवा 'टेंपरेट' लिहिली होती, ना फार ऊन ना फार थंडी. गोऱ्यांनी इथं छावणी घातली ती त्यासाठीच म्हणे. दसऱ्याच्या आधी भिंतींना लावायचा डिस्टेंपर त्याच कुळातला. कुत्र्यांना होणारा रोगही डिस्टेंपर, तोही तिथलाच. काखेत थर्मामीटर घालून बघतात ते टेंपरेचर तर सख्खंच. 'टेंपररी' मात्र वेगळं निघालं. अण्णा कारखान्यात पहिली चार वर्षं टेंपररी होते. तो शब्द निघाला की अम्मा डब्यातले पैसे मोजायला घ्यायची. कोशात त्याचं मूळ निराळं दिलेलं, 'वेळ' या अर्थाच्या शब्दात. मला बरं वाटलं. चांगल्या घराण्यात तो शब्द नको होता.

पण पोलादाचा टेंपर म्हणजे काय, ते मला कोशात बघावं लागलं नाही. ते मी दर रविवारी बघत होते.

आमच्या घरामागं शेवग्याचं झाड होतं, त्याच्या बाजूला पत्र्याचं एक छप्पर आणि खाली विटांची लहानशी भट्टी. रविवारी सकाळी अण्णा तिथं शेजारपाजारच्यांच्या विळ्या, कोयते, सुतारांच्या पटाशा यांना पाणी द्यायचे. कारखान्यातून एक दिवस सुट्टी मिळायची, तीही ते भट्टीपाशीच काढायचे. अम्मा म्हणायची, यांना आगीशिवाय करमत नाही.

सगळ्यात नेमानं यायची ती टाकी लावणारी बाई. वाटून वाटून रुब्बुगुंडू, म्हणजे दगडी रगडे, आणि पाटे गुळगुळीत झाले की त्यांच्यावर छिन्नीनं बारीक खड्डे पाडावे लागतात, नाहीतर डाळ वाटलीच जात नाही. ती बाई गल्लीगल्लीतून ओरडत ते काम करत फिरायची. बनशंकरीची वस्ती तेव्हा गावाबाहेर होती. तिकडच्या दगडाच्या खाणीजवळ ती राहायची, आणि आठवड्याच्या चार-पाच बोथट छिन्न्या फडक्यात बांधून रविवारी आमच्याकडं चालत यायची. अण्णांना ती अण्णाच म्हणायची. आमचे अण्णा सगळ्या गल्लीचेच अण्णा होते.

छिन्नीचं टोक अण्णा लालभडक तापवायचे. मग टोक तेवढं पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढायचे. आता ते कडक झालेलं असतं, पण इतकं कडक की घाव बसला तर काचेसारखं उडेल. म्हणून ते टोक विटेवर चटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या भागातली उष्णता हळूहळू टोकाकडं सरकते आणि तिच्यापुढं रंग सरकतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. दगडाच्या छिन्नीला जांभळा हवा. जांभळा टोकाला पोचला, की त्या क्षणी पूर्ण छिन्नी पाण्यात. आधी बुडवली तर टोक तुटतं, निळा येऊ दिला तर टोक मऊ पडतं. उन्हात हे रंग दिसत नाहीत, म्हणून वर पत्रा. मिसळणं, आवरणं, बेताचं करणं, कोशातलं सगळं त्या दोन बोटांच्या लोखंडावर माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं.

कारखान्यात मोठ्या भट्ट्यांना मीटर होते. पण लहान, खास अवजारं अण्णांकडं यायची, कारण ती डोळ्यानंच करावी लागत. अण्णांची कारखान्यात जी काही प्रतिष्ठा होती, ती त्या डोळ्याची.

आदल्या वर्षी त्यांना चष्मा लागला. त्यानंतर एका रविवारी त्यांनी छिन्नी हातात धरून मला विचारलं, "काय रंग आलाय गं?" मी म्हणाले, "तपकिरी." ते म्हणाले, "सरी," आणि थांबले. मग दर रविवारी विचारू लागले. मला वाटलं, मला शिकवतायत. माझी मान ताठ झाली. मुलीला कोण असलं शिकवतं! मी शेवग्याखाली उभी राहून मोठ्यानं रंग सांगायची, आणि 'जांभळा' म्हटलं की छिन्नी चुर्र करून पाण्यात जायची. माझ्या शब्दावर पोलाद पाण्यात जात होतं. त्या वयात आणखी काय लागतं?

दसऱ्याच्या तोंडावर शाळेनं मुलींना म्हैसूरला न्यायचं ठरवलं. दोन दिवसांची सहल, वाड्यावरची रोषणाई, हत्तींची जंबू सवारी. वर्गातल्या निम्म्या मुली जाणार होत्या. मी अण्णांपुढं कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला.

"त्यात आयुधपूजा येते," ते म्हणाले. "त्या दिवशी घरातलं माणूस बाहेर नको. सगळ्यांनी कारखान्यात भट्टीपुढं उभं राहायचं असतं."

"भट्टी काय पळून जाणार आहे?"

"टेंपर," अम्मा आतून म्हणाली. प्रगतिपुस्तक आल्यापासून तिला हा शब्द वापरायला फार आवडायला लागलं होतं.

मी दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रविवार आला. टाकी लावणारी बाई छिन्न्या ठेवून बाजारात गेली. अण्णांनी भट्टी पेटवली आणि नेहमीसारखं मला हाक मारली. मी गेले, पण शेवग्याला टेकून हाताची घडी घालून उभी राहिले. माझ्या डोक्यात म्हैसूरचे दिवे लागले होते आणि मी त्यात नव्हते.

पहिल्या तीन छिन्न्या झाल्या. चौथी त्यांनी विटेवर घासली आणि धरली. पिवळा आला, तपकिरी आला. मग जांभळा आला. टोकापर्यंत स्वच्छ, वांग्याच्या सालीसारखा जांभळा. अण्णांचा हात पाण्याकडं जरासा गेलाही.

"काय रंग?"

"पिवळाच आहे," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं न बघता भिंतीकडं बघत होते. थोड्या वेळानं, मी काही न सांगताच, चुर्र असा आवाज आला. मी काय केलं ते मला नीट माहीत होतं. मी चुकले नव्हते, मी खोटं बोलले होते. त्या क्षणी मला त्याचं बरंही वाटलं, हे आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लपवून उपयोग नाही.

बुधवारी ती बाई रविवार नसताना आली. उजव्या हातात छिन्नी, डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. चिंधीवर तपकिरी डाग होता. ती भांडायला आली नव्हती, त्यानंच मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, ही मऊ पडली. टोक दुमडलं, हातोडी घसरली." अम्मानं तिला बसवलं, हळद लावली, नवी चिंधी बांधली. अण्णांनी छिन्नी उजेडात धरून खूप वेळ बघितली. मग माझ्याकडं बघितलं नाही, आत गेले.

त्या दिवशी मी जेवले नाही. अम्माला वाटलं, अजून म्हैसूरचंच चाललंय. ती दुसऱ्या दिवशी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीतले दिवे लावून आली. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. पण आल्यावर तिनं अण्णांच्या पापण्यांना अंगारा लावला. म्हणजे घरात डोळ्यांबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं. म्हणजे मला वर्षभर रंग विचारत होते ते शिकवायला नव्हे.

आयुधपूजेला आम्ही कारखान्यात गेलो. वर्षातून एक दिवस तो आम्हा बायकामुलांना उघडा असायचा. मशीनं धुऊन पुसून ठेवलेली, प्रत्येकाला झेंडूची माळ, हळदीकुंकू. दारात कोहळा फोडून त्यावर कुंकू टाकलेलं. त्या दिवशी कुठल्याही अवजाराला हात लावायचा नाही, त्यांना सुट्टी. अण्णांची भट्टी थंड होती. तिच्यापुढं त्यांच्या पकडी, सांडश्या ओळीनं मांडल्या होत्या आणि शेजारी त्यांचा चष्मा पुसायचा पिवळा फडका. मी भट्टीपुढं हात जोडून उभी होते आणि मला वर बघवत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचे मोठे साहेब आले. अम्माला नमस्कार करून मला इंग्रजीत म्हणाले, "तुझ्या वडिलांचा डोळा म्हणजे आमचा मीटर आहे. बाकीचे मीटर बिघडतात, हा बिघडत नाही." मी इंग्रजीत हुशार होते. मला शब्दन् शब्द कळला. अण्णा कसनुसे हसले.

घरी आल्यावर दिवे लागायच्या वेळेला अण्णांनी मला बोलावलं. पुढं कोरा कागद आणि दौत ठेवली.

"एक अर्ज लिहायचाय. इंग्रजीत. तुझं इंग्रजी आमच्या क्लार्कपेक्षा बरं आहे."

"कसला?"

"मला हार्डनिंग खात्यातून काढून स्टोअरला घाला म्हणून. लिही, की डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

स्टोअर म्हणजे जाळीच्या खिडकीमागं बसून पितळी बिल्ले घ्यायचे आणि अवजारं द्यायची. तिथल्या माणसांची अण्णांनी जन्मभर कीव केली होती. मी लिहायला बसले. वर साहेबांचा मायना लिहिला. मग एक वाक्य. मग दुसरं वाक्य, की आता मला पोलादाचा टेंपर ओळखता येत नाही. ते अर्धं लिहून झालं आणि पुढं लेखणी हलेना.

"अण्णा, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "रविवारी जांभळा आला होता. मी पिवळा सांगितला. रागानं."

त्यांनी दौतीचं झाकण लावलं. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "ठाऊक आहे."

"कसं?"

"मलाही जांभळाच दिसला होता."

"मग तेव्हाच बुडवली का नाही?"

अण्णांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा लहान दिसायचा.

"तू पिवळा म्हणालीस ना," ते म्हणाले.

मी कितीतरी जणांचं पाणी जोखलंय, माणसांचं आणि शब्दांचं. इतकं खोल पाणी मला पुन्हा कुठं लागलं नाही. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना बरोबर सांगितलं होतं, आणि त्यांनी आपले डोळे बाजूला ठेवून माझा शब्द धरला होता.

"तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण दिसत असून माझा हात थांबला. उद्या कारखान्यात थांबेल. तिथं कुणाचं तरी बोट असतं अवजाराखाली. ज्याला आपल्या डोळ्याचा भरवसा नाही त्यानं भट्टीपुढं उभं राहू नये. लिही."

आणि मग मला राग आला. खरा, डोक्यात जाणारा. त्यांचा, माझा, त्या अर्ध्या लिहिलेल्या शहाण्या कागदाचा. मी अर्ज टराटरा फाडला.

"मी नाही लिहिणार! तुम्हाला बरोबर दिसलं होतं. चूक माझी आहे. मी वाईट वागले म्हणून तुम्ही जाळीमागं बसणार? मला विचारूच नका आता. कधीच विचारू नका! तुमचं तुम्ही बघा!"

अम्मा हातातलं उलथनं घेऊन दारात आली. या वेळी तिनं तो इंग्रजी शब्द वापरला नाही. अण्णांनी वाकून कागदाचे तुकडे गोळा केले, मुठीत घेतले आणि मागच्या दारानं जाऊन भट्टीत टाकले.

पुढच्या रविवारी त्यांनी त्या बाईची छिन्नी पुन्हा तापवली. मी न बोलावता जाऊन शेवग्याखाली उभी राहिले, डोळे ताणून, उत्तर तयार ठेवून. पिवळा आला, तपकिरी आला. अण्णांनी ओठ घट्ट मिटले होते. कपाळावर घाम होता. जांभळा टोकाला पोचला आणि त्याच क्षणी छिन्नी पाण्यात गेली. बरोबर गेली. त्यांनी मला विचारलं नव्हतं.

दुसरा अर्जही झाला नाही. अण्णा भट्टीपाशी राहिले, आणखी आठ वर्षं. कारखान्यात त्यांचा डोळा मीटरच राहिला. म्हणजे जे वाचायला हवं होतं ते वाचलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. माझ्या निबंधांना वाहवा करत, कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः नेऊन दिला. फक्त तो प्रश्न गेला. मीच ओरडले होते ना, विचारू नका म्हणून, त्यांनी ऐकलं. चिडून दोन थपडा दिल्या असत्या तर मी सुटले असते. रविवारी मी खिडकीतून बघायची. पत्र्याखाली ते एकटे, वाकलेले, आणि प्रत्येक छिन्नीला तो मिटलेला ओठ. मला इतकं वाईट वाटायचं की मी पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसायची.

कॉलेजात त्याहून मोठा कोश मिळाला. त्यात माझ्या जुन्या शब्दाखाली अर्धं पान भरलेलं होतं. दोन सूर जुळवून घेणं, वाद्य सुरात लावणं, तेही टेंपर. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत, की काही पंडितांच्या मते त्या मिसळण्याच्याही मागं 'वेळ' हाच शब्द आहे. योग्य वेळ, ऋतू. काहींना ते पटत नाही. म्हणजे टेंपररी हा शब्द, ज्याला मी कुळाबाहेर काढलं होतं, तो कदाचित घरचाच होता. मी ते वहीत उतरवून घेतलं. अण्णांना सांगावंसं वाटलं, पण त्या शब्दाबद्दल आम्ही बोलत नसू.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात वितळलेल्या मिठाच्या भट्ट्या आल्या होत्या, काट्यावर आकडा बघून काम करायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. आगीकडं बघणाऱ्यांना लवकर होतो, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला अजून अवकाश होता. अम्मानं भट्टी मोडायला सांगितली. त्यांनी मोडली नाही.

एका रविवारी मी पुढच्या खोलीत वाचत बसले होते. मागं ती टाकी लावणारी बाई आलेली, आता पार पिकलेली, अंगठ्यावर तो जुना व्रण. भट्टीचा भाता बऱ्याच दिवसांनी ऐकू येत होता. आणि मग अण्णांची हाक आली.

"ये गं इकडं. बघ काय रंग आलाय."

मी धावत गेले. पुस्तक हातातच होतं. त्यांनी छिन्नी माझ्यापुढं धरली होती आणि तोंड दुसरीकडं, झाडाकडं. मी वाकले. तपकिरी होता. की जांभळ्याची सुरुवात? मी आणखी वाकले. आठ वर्षांनी विचारलं होतं. या वेळी एक केसभरही चुकायचं नव्हतं. पत्र्याच्या कडेनं ऊन येत होतं, मी हातानं आडोसा केला. जांभळा. नक्की जांभळा? टोकापर्यंत? मी पुन्हा एकदा बघितलं, आणि तेवढ्यात टोक निळं झालं.

"गेला," मी म्हणाले. "अण्णा, गेला. निळा झाला. मी बघत बसले."

"खरं सांगायला एवढा वेळ?" बाई हसून म्हणाली. तिला माझ्या खोट्याचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तिथंच, तिच्यासमोर, रडायला लागले.

"सरी, सरी," अण्णा म्हणाले. "परत तापवू. स्वल्प थांब."

त्यांनी छिन्नी निखाऱ्यात खुपसली. मी पुस्तक शेवग्याच्या बुंध्याशी ठेवून भाता मारू लागले. टोक लाल झालं, पाण्यात गेलं, बाहेर आलं, विटेवर घासलं गेलं. पिवळा. तपकिरी. मी डोळे पुसून सरळ उभी राहिले.

"जांभळा," मी म्हणाले.

अण्णांनी छिन्नीकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. तोंड झाडाकडंच ठेवून त्यांनी ती सरळ पाण्यात घातली.